इसाक मिस्त्री, तो चेंडू असा गेला

तुला जाऊन आज नववा दिवस. करायच्या कामांची फर्द केली होती, तिच्यातलं एकेक काम खोडत आणलं. कबरीची माती दोनदा दाबून घेतली, कडेनं दगड लावले. तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला किती माणसं येतील याचा माझा अंदाज बरोबर निघाला, चटया कमी पडल्या नाहीत. तुझी हत्यारं पुसून, तेल लावून पोत्यात बांधली: रंधे चार, पटाश्या अकरा, वाकस दोन, गिरमिट एक, मोडक्या मुठीची करवत एक. ती करवत टाकून दे म्हणून मी तुला किती वर्षं सांगत होतो. आता माझ्याच हातून टाकवत नाही.

एक काम राहिलं आहे, ते या कागदावर करतो. चाळिसाव्याला तुझ्या अंगणात, सगळ्यांसमोर, हा कागद वाचणार आहे. चांदभाभीला विचारून घेतलं. ती म्हणाली, "वाचा की भाऊजी. तुमच्या फर्दांना ते लई हसायचे, पर ऐकून घ्यायचे."

आधी राग सांगतो, कारण तो घेऊन पुढचं नीट लिहिता येणार नाही.

जियारतीला जागिरीचा कारभारी आला होता. फुलं टाकली, हात वर केले, आणि मग चार माणसांत बसून म्हणाला, "इसाक चांगला सुतार होता. खाटेचे पाय असे करायचा की कधी डुगडुगायचे नाहीत." सगळ्यांनी माना हलवल्या. खाटेचे पाय! ज्या माणसानं धनगराच्या पोराला साहेबांचा खेळ साहेबांपेक्षा चांगला शिकवला, त्याच्या नावावर शेवटी खाटेचे पाय. आणि जागीरदारसाहेबांच्या दिवाणखान्यात आजही ती तसबीर टांगलेली आहे: मध्ये तो पोरगा, हन्मा, शेजारी सिकंदराबादचा लाल मिशांचा मास्तर, मागं जागीरदारसाहेब आणि कुठला तरी कप्तान, ज्यानं हन्म्याला आयुष्यात एकदा "शाब्बास" म्हणण्यापलीकडं काहीही शिकवलेलं नाही. येणाऱ्या पाहुण्याला सांगतात, हा पोरगा कप्तानसाहेबांनी तयार केला.

मला उठून बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. मीही मान हलवली, इसाक. कारभाऱ्याचा आला तितकाच मला माझाही संताप आला आहे, म्हणून हे लिहितो आहे.

ज्यांनी तो माळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पाली गावाच्या वरच्या अंगाला जागीरदारसाहेबांनी गोल्फचं मैदान केलं होतं. नऊ गली, म्हणजे चेंडू पाडायची नऊ भोकं. हिरवळ आपल्याकडं टिकते कुठं? म्हणून प्रत्येक गलीभोवती गेवराईहून बैलगाड्यांनी आणलेली गोदावरीची रेती पसरून तिला तेल पाजलं होतं. हिवाळा आला की औरंगाबाद, जालना, सिकंदराबादकडचे साहेब आणि हैदराबादचे अमीर शिकारीला यायचे आणि सकाळी काठ्या घेऊन माळावर उतरायचे. मी कोठीचा कारकून, काठ्या-चेंडूंची मोजदाद माझ्याकडं. तू काठ्या दुरुस्त करणारा मिस्त्री. आपण दोघं आणि आणखी सात, असे नऊ नोकर.

आणि तो हुकूम. पहिल्याच साली एका जाड्या साहेबाचा टोला तीनदा हुकला आणि आपला भिस्ती मोठ्यानं हसला. भिस्त्याला त्याच दिवशी हाकललं आणि हुकूम निघाला: पाहुण्यानं काठी उचलली की नोकरानं पाठ फिरवायची, टोल्याचा आवाज झाल्यावरच वळायचं. पाहुण्याचा मान. चेंडू उचलणाऱ्या पोरांनाही तोच हुकूम. आता पाठ करून उभ्या असलेल्या पोरानं चेंडू कुठं गेला हे शोधायचं कसं? तर ऐकून. पालीची पोरं दोन वर्षांत ऐकून चेंडू शोधायला शिकली. आणि तुझं छप्पर तर पहिल्या टोल्याच्या जागेला लागून होतं. तू दिवसभर भिंतीकडं तोंड करून रंधा मारायचास आणि मागं टोला पडला की न वळता म्हणायचास, "उजवीकडं. तरवडात." चेंडू तरवडातच सापडायचा.

मला वाटायचं, तू मजेनं बोलतोस. तू तर शिकत होतास. भिंतीकडं तोंड करून तू तो खेळ असा शिकलास, जसा तो समोर उभ्या असलेल्या कुणालाही आला नाही.

हन्मा तुला पहिल्यांदा भेटला तोही कानानंच. दुपारची वेळ, पाहुणे जेवून झोपलेले. मी तुझ्या छपरात बसून फुटक्या चेंडूंची यादी करत होतो. मागं माळावर टक् असा आवाज झाला. तुझा रंधा थांबला.

"ह्यो कोन सायेब हाय बे?" तू विचारलंस. "आज तर समदे झोपलेत."

मी बाहेर डोकावलो. "साहेब कसला, धोंडिबा धनगराचा हन्मा आहे. मोडकी काठी सापडली असेल कुठंतरी. थांब, हाकलतो."

"बस खाली," तू म्हणालास. "हाकलतोय म्हनं. पुन्यांदा मारू दे त्याला."

पुन्हा टक्. तू डोळे मिटलेस. "लाकूड बराबर ठिकानी लागतंय. पर डावी टाच उचलतोय बे ह्यो." मग न वळता ओरडलास, "ए पोरा! डावी टाच भुईला चिकटून ठेव!"

त्या पोराची अशी भंबेरी उडाली की काठी टाकून पळत सुटला. भिंतीकडं तोंड केलेल्या माणसाला आपली टाच दिसली, या भीतीनं तो दोन दिवस माळाकडं फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला. टाच भुईला.

तीन हिवाळे आपण त्याला शिकवलं आणि तीन हिवाळे भांडलो. तू त्याच्यासाठी धामणीच्या लाकडाचा दांडा काढलास, त्याच्या मनगटापासून जमिनीपर्यंत सुतळी लावून. पोरगा वाढेल तशी सुतळी बदलायचास. मी पुढं, चेंडू पडायचा तिथं लिंबाखाली बसायचो आणि प्रत्येक टोल्याची नोंद करायचो: डावा, उजवा, तोकडा, लांब. तू म्हणायचास, "कान सांगतोय तेवढं बास." मी म्हणायचो, कान विसरतो, कागद विसरत नाही. तू म्हणायचास, "फर्दवाल्या, तुज्या जोड्याचा आवाज येवढा हाय की तू निघालास ते गेवराईला कळतंय. त्यात चेंडू काय ऐकू यील मला?" माझे ते बीडच्या बाजारातले चामड्याचे जोडे. दर पावलाला कर्रकर्र. तेल लावलं, पाण्यात भिजवले, आवाज गेला नाही. तुला चेष्टेला कायमचं साधन मिळालं.

पण ती दुपारची गोष्ट कबूल कर. माझ्या कागदावर स्पष्ट दिसत होतं: सकाळचे टोले सरळ, दुपारनंतरचे उजवीकडं. तू म्हणालास, डावा खांदा पडतोय. आठ दिवस त्याच्या खांद्याच्या मागं लागलास. मी नोंदी पुन्हा पाहिल्या आणि त्याला सरळ विचारलं, "हन्म्या, सकाळी काय खाऊन येतोस?"

"काय न्हाई, काका. मेंढरं सोडून थेट हितंच येतो."

"आणि दुपारी?"

"दुपारी बी हितंच असतो की."

खांदा नव्हे, पोट. दुसऱ्या दिवसापासून चांदभाभीच्या हातची भाकर आणि मिरचीचा ठेचा. चार दिवसांत टोले सरळ. तू नुसतं म्हणालास, "येकांद्या वक्ती कागद बी बोलतोय." तुझ्या तोंडून माझी एवढीच तारीफ निघाली, तीन वर्षांत. मी ती लिहून ठेवली आहे.

धोंडिबाला तूच समजावलंस. तो काठी आपटत आला होता, "मेंढरं कोन राखनार? साहेबांची काठी फिरवून पोट भरतंय व्हय?" तू त्याला छपरात बसवलंस, हन्म्याला टोला मारायला लावलास आणि म्हणालास, "धोंडिबा, तिकडं बघू नगंस. माज्यासारखा भिंतीकडं बघ आन नुसतं ऐक." धोंडिबानं पाच टोले ऐकले. सहाव्याला न बघता म्हणाला, "ह्यो वढ्यापार गेला." आणि गेला होता. धनगराचा कान, त्याला रानातल्या घंटा ऐकायची सवय. तो उठला, पटका सारखा केला आणि म्हणाला, "मेंढरं माजी म्हातारी राखंल."

तिसऱ्या हिवाळ्यात सिकंदराबादचा लाल मिशांचा मास्तर आला. गोऱ्या लोकांना हा खेळ शिकवणं हाच त्याचा धंदा. त्याला हाताखाली एक तरणा पोरगा हवा होता: काठ्या दुरुस्त करील, नवख्यांना मूठ धरायला शिकवील, स्वतः खेळून दाखवील. राहायला खोली, बारमाही काम. जागीरदारसाहेबांनी जेवताना बढाई मारली, आमच्या माळावर असा एक धनगर आहे. ठरलं: दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर हन्म्यानं तीन टोले मारायचे. जमलं तर सिकंदराबाद. नाही तर मेंढरं, जन्मभर.

तू मला विचारलंस, "बापूराव, तुज्या फर्दंत काय राह्यलं का बे?"

मी वाचून दाखवली. भाकर, धुतलेला सदरा, दांड्याला तेल, नखं कापणं, मुठीला नवं चामडं. म्हणालो, "काही राहिलं नाही."

राहिलं होतं. त्या पोराला खेळताना आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. तू भिंतीकडं तोंड करून बसायचास. मी लिंबाखाली जमिनीकडं पाहत बसायचो. चेंडूवाली पोरं सवयीनंच पाठ करायची. तीन वर्षं आपण दोन शहाण्यांनी त्याला शिकवलं आणि एकदाही त्याच्याकडं नजर लावून उभे राहिलो नाही. ही चूक आपल्या माळाशिवाय दुसरीकडं कुठं होणार?

सकाळी शामियान्याखाली तीसएक माणसं. हुकूम पाहुण्यांसाठी होता, धनगरासाठी नव्हता, म्हणून नोकरही तोंड करून उभे. दोरीच्या अलीकडं आपण नऊजण ओळीनं. हन्मा जागेवर गेला, काठी उचलली, आणि त्याच्या अंगावर साठ डोळे पडले. मी त्याचे हात पाहिले. ते माझ्या ओळखीचे हात नव्हते.

पहिला टोला हवेत गेला. चेंडू होता तिथंच. शामियान्यात कुणीतरी हसलं, आणि त्या हसणाऱ्याला हाकलणारा कुणी नव्हता. दुसरा टोला मातीला लागला, चेंडू दहा हात घरंगळला. मास्तरनं तोंडातली चिलीम काढून घड्याळ पाहिलं. पोरानं चेंडू उचलून पुन्हा जागेवर ठेवला आणि आपल्याकडं पाहिलं.

तुझा आवाज मला ऐकू आला, अगदी हलका. "चुकी आपली हाय बे. आपुन त्याला नजरंनं खातोय."

आणि तू पाठ फिरवलीस.

तिथं, तीस पाहुण्यांसमोर, धनगराच्या पोराला तू साहेबाचा मान दिलास. तुझ्या शेजारचा वळला. मग त्याच्या शेजारचा. वहाणा वाजत गेल्या, एकेक, आठजण. जागीरदारसाहेब खुर्चीतून उठले. हन्म्यानं आठ पाठी पाहिल्या आणि त्याचे खांदे खाली आले. त्यानं काठी उचलली.

मी वळलो नाही.

माझ्या हातात वही होती. आजवर मी स्वतःला सांगत आलो की मला नोंद करायची होती, नोंद करणाऱ्यानं पाहायलाच हवं. खोटं. जागीरदारसाहेबांची नजर ओळीवरून सरकत माझ्यापर्यंत आली होती आणि माझे पाय जमिनीत रुतले होते. एवढंच.

टोल्याचा आवाज झाला. तू न वळता म्हणालास, "सरळ. रेतीवर."

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मास्तरनं स्वतः चालत जाऊन हन्म्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि जे फारसं कुणाला माहीत नाही ते असं: त्याच दुपारी मला वर बोलावलं. "कोण कोण फिरलं त्याची फर्द द्या." मी दिली. वळणदार अक्षरात, आठ नावं, सगळ्यात वर इसाक मिस्त्री. मला कुणी दम दिला नाही, दोनदा विचारलंही नाही. फर्द मागितली की द्यायची, ही माझ्या हाताची सवय. सात जणांना दिवसभर उन्हात उभं केलं. तुला, पाहुण्यांचा मान धनगराला देऊन जागिरीची बेअदबी केली म्हणून, कायमचं काढलं. माळावर पाय ठेवायचा नाही.

तू हत्यारांचं पोतं खांद्यावर घेऊन कोठीच्या दारात थांबलास.

"फर्द पुरी झाली का बे?"

"झाली."

"माजं नाव पयलं हाय न्हवं?"

"पहिलं."

"मग बराबर हाय," तू म्हणालास आणि हसत निघून गेलास. हसत! मला शिवी द्यायची होतीस. पोतं माझ्या अंगावर टाकायचं होतंस. तुझ्या त्या हसण्याचा राग मी अकरा वर्षं उराशी धरला आहे.

आणि पालीत जाऊन तू काय सांगितलंस? "नऊच्या नऊ फिरले. बापूरावचं नाव फर्दंत न्हाई, कारन म्याच म्हनलो त्याला, सोताचं लिवू नगंस, कोठीच्या किल्ल्या भलत्याच्या हातात जातील." लोकांनी ते खरं मानलं. धोंडिबानं दोन घोंगडी विणून आणली, एक तुला आणि एक मला. "तुमी आमच्या पोरासाठी पाठ केली," म्हणाला. मी घेतलं. ते पांघरलं नाही, परतही केलं नाही. माझ्या घरच्या वस्तूंच्या यादीत ते आहे, पुढं शेरा लिहिलेला नाही.

तू बीडच्या एका गल्लीत दुकान टाकलंस. गाड्यांची चाकं, नांगर आणि हो, खाटेचे पाय. हन्मा दरवर्षी सिकंदराबादहून यायचा, आता साहेब लोक त्याला मास्तर म्हणतात. आला की तुला घेऊन बिंदुसरेच्या कोरड्या पात्रात जायचा. तू वाळूत त्याच्याकडं पाठ करून बसायचास, तो टोले मारायचा, आणि तू एवढ्या मोठ्या मास्तरला शिव्या घालायचास, "गोऱ्यांत ऱ्हाऊन मनगट साखरंचं झालंय बे तुजं!" तो हसत पुन्हा मारायचा. मी लांब, पडणाऱ्या चेंडूंपाशी. जुनी सवय.

मी दोनदा सांगायला आलो होतो. पहिल्यांदा म्हणालो, "इसाक, त्या दिवसाचं एक बोलायचंय." तू रंधा सुरू केलास. दुसऱ्यांदा म्हणालो, "माळावर त्या सकाळी मी..." तू करवत उचललीस, तीच मोडक्या मुठीची. इतकी करकरली की माझा शब्द मलाही ऐकू आला नाही. मला वाटलं, तुला काम आहे. मी उठून आलो. जोडे करकरवत.

आणि मग गेल्या महिन्यातली ती दुपार. तुझी छाती कफानं भरली होती, बोलताना मध्येच थांबायचास. भाभी पाणी आणायला गेली होती. तू म्हणालास, "बापूराव, येक इचारू?"

"विचार की."

"त्यो चेंडू दिसला कसा बे?"

"कोणता?"

"हन्म्याचा. तिसरा टोला. म्या तर नुसता ऐकला."

मी काय म्हणालो ते इथं लिहायलाच हवं. मी म्हणालो, "मला काय माहीत? मी पाठ फिरवली होती ना."

तू आढ्याकडं पाहिलंस. मग म्हणालास, "हां. खरं हाय." आणि कुशीवर वळलास. भिंतीकडं.

पाचव्या दिवशी हन्मा आला. तुझ्या कबरीपाशी बसला, मग माझ्याकडं येऊन अंगणात टेकला. मी त्याला चहा दिला आणि सांगत होतो, काय काय उरकलं, काय राहिलं. तो मध्येच म्हणाला, "काका, इसाकचाचाला ठावं व्हतं."

"काय?"

"तुमी फिरला न्हाई ते. आट जनांच्या वहाना वाजल्या. तुमचा जोडा वाजला न्हाई."

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. "कधी म्हणाला?"

"मी सिकंदराबादला निघालो तवाच. मला म्हनले, कोनाला बोलू नगंस. म्हनले, बरंच झालं, येक मानूस तरी बघत व्हतं. कवातरी सांगंल त्यो मला."

कवातरी सांगंल. अकरा वर्षं!

मला माफ करायचा अधिकार तुला कुणी दिला होता, इसाक? तू एकदा तोंडावर म्हणायचं होतंस, बापू, तू भित्रा आहेस. मी रागावलो असतो, भांडलो असतो, आठ दिवस आलो नसतो आणि नवव्या दिवशी आलो असतो. तू मला ती संधीच दिली नाहीस. ज्यानं तुझं नाव पहिलं लिहिलं त्याला तू गावात नववा पाठीराखा करून मिरवलंस, आणि त्याच्या बदल्यात एकच गोष्ट मागितलीस, तीही मरायला टेकल्यावर, तीही इतकी सरळ की मला कळली नाही. तुला कबुली नको होती. तुला तो चेंडू पाहायचा होता. तीन वर्षं घडवलेल्या पोराचा एक टोला, जो तू त्याच्यासाठीच पाहिला नाहीस. आणि तो ज्यानं पाहिला होता तो उशाशी बसून खोटं बोलला.

तर ऐक. उशीर झाला आहे, पण मी पाहिलं तसं सांगतो, काही वाढवत नाही. कारभाऱ्यालाही चाळिसाव्याचं बोलावणं धाडलं आहे. त्यानंही ऐकावं.

हन्म्याची डावी टाच भुईला होती. काठी मागं गेली तेव्हा घाई नव्हती. चेंडू निघाला तो आधी खाली, ओढ्यापर्यंत तरवडाच्या उंचीनंच. मला वाटलं, गेला, पडला. ओढा ओलांडला आणि तो वर चढला. उन्ह डाव्या अंगानं होतं, त्यात तो एकदा चमकला आणि दिसेनासा झाला. मी माझ्या लिंबाच्या वर पाहत राहिलो. तिथं तो पुन्हा दिसला, फार लहान, डोंगराच्या काळ्या कडेवर पांढरा. तिथं तो थांबल्यासारखा वाटला. मग उतरला. रेतीच्या अलीकडच्या कडेला टेकला, तेल पाजलेल्या रेतीतून धूळ उडाली नाही. तीन हात गेला आणि गलीपासून हातभर अंतरावर थांबला.

आणि आठ पाठी. तुझ्या सदऱ्याला उजव्या खांद्यावर काळ्या दोऱ्यानं टाका घातलेला होता. तू मान जराशी कलती धरली होतीस आणि चेंडू टेकायच्या आधीच हसत होतास. ते तुझ्या गालाच्या कडेवरून कळलं.

तू म्हणालास, सरळ. सरळ नव्हता, इसाक. डोंगराच्या कडेपाशी तो वीतभर डावीकडं वळला आणि परत आला. तुझ्या कानाला ते कळलं नाही. मला दिसलं. मी पाठ फिरवली नव्हती.